शॅम्पू : एका इंग्रजी क्रियापदाची जन्मकथा



इंग्रजीचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन सूर ऐकू येतात. एक सूर भीतीचा. ‘आमच्या खानदानात कोणी इंग्रजी बोलले नाही, मुलाला ती कशी येणार?’ दुसरा सूर मोहाचा. ‘एकदा इंग्रजी आली की मुलाचे सोने झाले.’ या दोन्ही सुरांच्या मुळाशी एकच समजूत असते. इंग्रजी ही दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आहे आणि आपण ती उसनी आणायची आहे, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे, हे एका शब्दाच्या आधारे तपासून पाहू. शब्द अगदी साधा आहे. राबोडीत, मुंब्र्यात, कल्याणच्या दूधनाक्यावर किंवा डोंबिवलीच्या कोणत्याही गल्लीत किराणा दुकानासमोर उभे राहा, तो शब्द छोट्या पुड्यांच्या माळांवर लटकताना दिसेल. तो शब्द म्हणजे ‘शॅम्पू’.

प्रथम स्पेलिंग पाहू, कारण परीक्षेत गुण तिथेच जातात. एस, एच, ए, एम, पी आणि शेवटी दोन ओ. काही विद्यार्थी शेवटी ‘यू’ लिहितात, काही एकच ‘ओ’ लिहितात. दोन्ही चूक. दुसरी गोष्ट अशी की हा शब्द नाम आहे तसाच क्रियापदही आहे. भूतकाळी रूप करताना पुढे ‘ई, डी’ लागते, तेव्हा दोन ओ आणि ई असे तीन स्वर ओळीने येतात. ते पाहून विद्यार्थी घाबरतो आणि एखादा स्वर गाळून टाकतो. तसे करू नये. ‘आय, एन, जी’ लावतानाही दोन्ही ओ जागच्या जागी राहतात. ‘टॅटू’ या क्रियापदाचेही असेच आहे. एक लक्षात आले की दुसरे आपोआप येते.

आता अर्थ. आज कोणालाही विचारा, शॅम्पू म्हणजे केस धुण्याचा साबणी द्रव आणि शॅम्पू करणे म्हणजे केस धुणे, असेच उत्तर येईल. परंतु अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत हा शब्द पाहिला तर तेथे केसांचा संबंधच नाही. तेथे शॅम्पू करणे म्हणजे माणसाचे हातपाय आणि पाठ दाबून, मळून त्याचा थकवा घालवणे. आपल्या भाषेत सांगायचे तर अंग चेपणे. केस धुण्यासाठी आपल्याकडे रिठा होता, शिकेकाई होती. त्यांचे या शब्दाशी काहीच नाते नव्हते.

येथेच शब्दाच्या मूळ गावाचा पत्ता लागतो. हिंदी-उर्दूत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे. मराठीतील ‘चापणे’ आणि ‘चेपणे’ हे त्याचेच जवळचे शब्द. सलूनमध्ये खुर्चीवर बसून आपण जी ‘चंपी’ करून घेतो तीही याच घराण्यातली. कोशकार तर हे मूळ संस्कृतातील ‘चप्’ या धातूपर्यंत नेतात. दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या वडिलांचे पाय मुलगा चेपतो, आजीचे पाय नात चेपते. आपल्या घरात या कामाला कोणी इंग्रजी नाव देत नाही. पण इंग्रजी शब्दाचा जन्म त्याच कामातून झाला आहे.

‘चाँपना’ या मूळ क्रियापदापासून इंग्रजांनी कोणते रूप उचलले, हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. त्यांनी उचलले ‘चाँपो’. हे आज्ञार्थी रूप आहे. ‘चाँपो’ म्हणजे ‘दाबा’. व्याकरणाच्या तासाला आज्ञार्थ शिकताना तुम्ही ‘बसा, उठा, करा’ अशी उदाहरणे लिहिता, तसेच हे. इंग्रजांना आपल्या क्रियापदाचे दुसरे कोणतेही रूप घेता आले असते. मग नेमके हुकमाचेच रूप का घेतले?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या शॅम्पूत सापडत नाही. त्यासाठी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश उघडावा लागतो. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा हा मोठा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघा विद्वानांनी सिद्ध केला आणि तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाची गंमतही सांगण्यासारखी आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी जसा ऐकला आणि त्यांच्या जिभांनी जसा वळवला, त्यातून ‘हॉब्सन-जॉब्सन’ तयार झाले. एका समाजाच्या शोकाचे शब्द दुसऱ्या समाजाच्या तोंडी जाऊन असे ओळखू न येण्याइतके बदलले.

या कोशात चाँपोची अनेक भावंडे भेटतात. ‘बनाओ’, ‘लगाओ’, ‘पकडाओ’, ‘धमकाओ’, ‘फुसलाओ’, ‘घबराओ’. साहेबलोक यांना सरळ इंग्रजी क्रियापदांसारखे वापरीत. होडी किनाऱ्याला लावायची तर ती ‘लगाओ’ करायची. एखाद्याला दटावायचे तर त्याला ‘धमकाओ’ करायचे. सगळी रूपे आज्ञार्थी. आता उलगडा होतो. साहेब आपल्या नोकराशी, खलाशाशी, शिपायाशी बोलत होता तो हुकूम देण्यापुरता. ‘मी दाबतो’, ‘आम्ही दाबले’, ‘तुम्ही दाबाल का’ ही रूपे त्याच्या जिभेवर येण्याचे कारणच नव्हते. जी रूपे त्याने रोज वापरली तीच त्याच्या भाषेत गेली. इतिहासाच्या पुस्तकात मालक आणि नोकर यांच्या संबंधांवर पाने भरून लिहिलेले असते. येथे क्रियापदाचा एक प्रत्यय तीच हकीकत सांगतो.

आपल्या भागाजवळचा एक पुरावाही आहे. जॉन हेन्री ग्रोस नावाचा इंग्रज १७५० मध्ये कंपनीच्या नोकरीसाठी मुंबईकडे निघाला आणि पुढे त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी मुंबई बेट इंग्रजांकडे होते, पण ठाणे आणि कल्याण मराठ्यांच्या ताब्यात होते. ठाणे इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतले. ग्रोस या अंग दाबण्याच्या प्रकाराचे वर्णन करतो आणि त्याला ‘चॅम्पिंग’ म्हणतो. म्हणजे ‘च’ अजून शाबूत आहे, ‘श’ झालेला नाही. ही रीत मूळ चिनी असावी, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. १७६२ मध्ये लंडनला छापलेल्या दुसऱ्या एका प्रवासवर्णनातही ही रीत चिनी लोकांची म्हणूनच सांगितली आहे. तेथे मात्र शब्द ‘शॅम्पू’ असा, ‘श’ने सुरू होतो. मूळ मालकाचे नाव पुस्तकात चुकीचे लागले, तरी शब्दाने स्वतःच आपले गाव सांगून टाकले.

आता असा विचार करा. हॉब्सन-जॉब्सनमधील ‘लगाओ’ आज कोणता इंग्रज वापरतो? ‘धमकाओ’, ‘फुसलाओ’, ‘पकडाओ’ कोठे आहेत? साहेब गेला, हुकूम गेला आणि हुकमाबरोबर ते शब्दही गेले. ते आता जुन्या कोशांत पडून आहेत. ‘चाँपो’ मात्र ‘शॅम्पू’ होऊन साऱ्या जगात पसरला. त्याचे नशीब वेगळे निघाले, यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव शेख दीन मुहम्मद.

दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना वडील लढाईत मारले गेले. पोरका झालेला हा मुलगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने छावणीत वाढला आणि फौजेत सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढला. बेकरने नोकरी सोडली तेव्हा त्याच्याबरोबर त्यांनीही नोकरी सोडली आणि १७८४ मध्ये दोघे विलायतेला पोहोचले. आयर्लंडमधील कॉर्क शहरी राहून, पंचविशी उलटत असताना, त्यांनी इंग्रजीचा पद्धतशीर अभ्यास केला. ‘वय निघून गेले, आता काय शिकणार’ असे म्हणणाऱ्यांनी हे वय ध्यानात घ्यावे. १७८६ मध्ये त्यांनी जेन डेली या आयरिश तरुणीशी विवाह केला. तिकडच्या चर्चमध्येच तो झाला आणि पुढील आयुष्य त्यांनी ख्रिस्ती धर्मात काढले. इतिहास लिहिताना हे लपवण्याचे कारण नाही.

१७९४ मध्ये कॉर्कला त्यांचे दोन खंडांचे प्रवासवर्णन छापले गेले. मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्यांनी आपला मुलूख, तेथील शहरे आणि लोकांच्या चालीरीती इंग्रज वाचकाला सांगितल्या. तीनशेच्या वर लोकांनी आगाऊ वर्गणी भरून ते विकत घेतले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. राजा राममोहन राय त्या वेळी अवघे विशीत होते.

पुढे ते लंडनला आले. १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ नावाचे खाणावळवजा हॉटेल उघडले. हुक्का आणि हिंदुस्तानी जेवण ही त्याची खासियत. लंडनमध्ये हिंदी माणसाने चालवलेले हे पहिले हॉटेल म्हणतात. पण खर्च झेपला नाही आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. पन्नाशीचे वय, पदरी मुलेबाळे आणि हातात काही नाही. अशा स्थितीत १८१४ मध्ये ते समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेले आणि तेथे त्यांनी स्नानगृह काढले. औषधी वनस्पतींच्या वाफेचे स्नान आणि त्यानंतर अंग चेपणे, असा तो उपचार होता. रोग्याला फ्लॅनेलच्या तंबूत बसवीत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत, त्यांतून हात घालून मालिश करणारा बाहेरून अंग दाबत असे. सुरुवातीला लोक हसले. मग गुण आलेले रोगी आपल्या कुबड्या तेथेच ठेवून जाऊ लागले आणि त्या कुबड्या भिंतीवर टांगल्या गेल्या. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नावही ‘शॅम्पूइंग’ या शब्दानेच सुरू होते.

या पुस्तकात त्यांनी आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे ढकलले आणि फौजेत जाण्यापूर्वी आपण वैद्यकी शिकलो होतो असे लिहिले. मायकेल फिशर या इतिहासकाराने त्यांचे चरित्र १९९६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात कागदपत्रे ताडून ही गोष्ट दाखवून दिली आहे. परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या माणसाची ती धडपड समजून घेता येते, पण खरे ते खरे म्हणावे. त्यांचे मोठेपण तेवढ्याने कमी होत नाही.

त्यांचे मोठेपण कशात आहे ते पाहा. ‘चाँपो’ हा शब्द हिंदी नोकराला ऐकावा लागणारा हुकूम होता. दीन मुहम्मदांनी तोच शब्द आपल्या दाराच्या पाटीवर आणि आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहिला. काल जो हुकूम होता तो आज हुन्नर झाला. अंग चेपणारा तोच, पण आता काय करायचे ते तो सांगतो आणि उमराव पडून राहून ऐकतो. शब्द त्यांनी घडवला नव्हता, इंग्रजी छापील पुस्तकांत तो त्यांच्या आधीपासून होता. परंतु प्रवाशांच्या वर्णनातून उचलून तो इंग्लंडच्या रोजच्या बोलण्यात बसवण्याचे श्रेय अभ्यासक त्यांनाच देतात. आणि हे त्यांना साधले ते इंग्रजी लिहिता येत होती म्हणून. नुसते हात कुशल असते तर ते कोणाच्या तरी हाताखाली राहिले असते.

१८५१ च्या फेब्रुवारीत ब्रायटनलाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर शब्दाचा अर्थ हळूहळू सरकला. अंगाची मालिश मागे पडली, डोक्याची मालिश राहिली. डोके चोळता चोळता साबण आला आणि १८६० च्या सुमारास शॅम्पू करणे म्हणजे केस धुणे असा अर्थ रूढ होऊ लागला. मग ज्या पदार्थाने केस धुवायचे त्यालाच शॅम्पू म्हणू लागले. विसाव्या शतकात तो बाटलीत भरला गेला, पुढे पुडीत आला आणि पुडीतून आपल्या न्हाणीघरात पोहोचला. आपल्याच घरातला शब्द दोन समुद्र ओलांडून परत आला, तेव्हा आपण त्याला परका समजून त्याचे स्पेलिंग पाठ करू लागलो.

त्यांच्या वंशाचीही थोडी माहिती देतो, कारण ती पालकांसाठी महत्त्वाची आहे. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महोमेद यांचा जन्म १८४९ चा. ते लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. नाडीचा आलेख काढणारे यंत्र त्यांनी सुधारले आणि मूत्रपिंडाचा आजार नसतानाही माणसाला उच्च रक्तदाब असू शकतो, हे दाखवून दिले. १८८४ मध्ये, पस्तिशीतच, विषमज्वराने त्यांचा अंत झाला. आज आपल्या दवाखान्यांत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, त्यामागील ज्ञानात या नातवाचा वाटा आहे. आजोबांनी दुसऱ्यांची अंगे चेपून घर उभे केले, नातवाने वैद्यकशास्त्रात भर घातली. मधल्या काळात घडले ते शिक्षण.

आता स्पेलिंगचा दुसरा धडा. दीन मुहम्मदांच्या नावाची इंग्रजी रूपे एकसारखी नाहीत. पहिल्या पुस्तकावर ते ‘डीन महोमेट’ असे वाचावे लागते, पुढे ‘सेक डीन महोमेद’. ‘शेख’चे ‘सेक’ झाले. कारण उघड आहे. आपल्या नावांचे उच्चार अरबी-फारसीचे, त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि इंग्रजीत एका आवाजाला चार स्पेलिंगे. तेव्हा लिहिणाऱ्याच्या कानाला जे पटेल ते कागदावर उतरते. गावांचेही तेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हाच्या इंग्रजी कागदांत ठाण्याचे स्पेलिंग ‘टाना’ असे वाचले जाते. १८८२ च्या गॅझेटियरात ते ‘थाना’ झाले, आज शेवटी ‘ई’ लावून ‘ठाणे’ लिहितात. गावाला नाव बदलण्यासाठी शंभर वर्षे मिळाली. आपल्या मुलाला तेवढी सवड नाही.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नाव चढते तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर येते. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, दुसऱ्यावर ‘एम, ओ, एच, डी’ एवढेच, जन्मदाखल्यावर शेख एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, असे झाले की पुढे शिष्यवृत्ती, पासपोर्ट आणि नोकरी यांच्या प्रत्येक दारात मुलाला ‘हा तूच कशावरून?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. मग प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील जाहिरात आणि हेलपाटे. प्रवेशाच्या दिवशी अर्ज दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. घरात बसून आधी एक स्पेलिंग ठरवा, सगळ्या भावंडांचे आडनाव एकाच तऱ्हेने लिहा आणि मुलाला ते स्वतःच्या हाताने लिहायला लावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच सूचना. मोठा इंग्रजी शब्दकोश वाचनालयात मिळतो, मोबाइलवरही मिळतो. शब्दाचा अर्थ पाहून झाल्यावर त्याचे मूळ दिलेले असते, तेवढी ओळ वाचण्याची सवय लावून घ्या. ‘लूट’ हे क्रियापद पाहा, ‘खाकी’, ‘पायजमा’, ‘बंगला’ पाहा. गणितातील ‘अल्जिब्रा’ आणि ‘झीरो’ यांची मुळे अरबीत सापडतील. ज्या भाषेला तुम्ही घाबरता तिच्या घरात तुमच्या ओळखीची किती माणसे आधीच बसलेली आहेत, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. भीती घालवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आणि शेवटी एक प्रश्न, जो आपण सर्वांनी स्वतःला विचारायचा आहे. रोज सकाळी कल्याण आणि डोंबिवलीच्या फलाटांवरून आपली हजारो तरुण मुले मुंबईकडे कामाला जातात. त्यांच्यापैकी अनेकांना इंग्रजी येते ती सूचना समजण्यापुरती. ‘हे करा, ते आणा, येथे सही करा’ एवढे कळते. हा आज्ञार्थ झाला. तो समजणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आपला अर्ज आपण लिहिणे, आपल्या कामाची माहिती आपण सांगणे, आपल्या मोहल्ल्याचा इतिहास आपण इंग्रजीत मांडणे, ही पुढची पायरी आहे. पाटण्याच्या एका पोरक्या मुलाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी ती पायरी चढून दाखवली. आपल्या मुलांच्या पाठीशी आज शाळा आहे, वाचनालय आहे आणि आई-वडिलांची मेहनत आहे. तेव्हा इंग्रजीच्या वहीत मूल जेव्हा पहिले वाक्य लिहील, ते ‘मी’ने सुरू होणारे असू द्या.